अठ्ठेचाळीस मोजून एक झांज

मी जर्मनीत एका वाद्यवृंदात वाजवते असं गावाकडे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, काय वाजवते? झांज, म्हटलं की ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. व्हायोलिन म्हटलं असतं तर चहा मिळाला असता. झांज म्हटल्यावर लोकांना आरती आठवते, आणि आरतीत झांज वाजवायला परदेशात कशाला जावं लागतं, हे त्यांना कळत नाही.

आईला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "किती येळ वाजवायची असती?"

"एका गाण्यात एकदाच."

"एकदाच? आन् बाकीचा येळ काय करतीस?"

"उभी राहते. मोजते."

"मग ते हितं बी करता आलं असतं," आई म्हणाली आणि तिने फोन वहिनीकडे दिला.

आईचं बरोबर होतं. ते सगळं मी तिथेच शिकले होते, आष्ट्याच्या पुढे नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात, अण्णांच्या हाताखाली. अण्णा म्हणजे माझे वडील. फौजेच्या बँडमध्ये वीस वर्षं ड्रम वाजवून ते घरी आले, तेव्हा मी तिसरीत होते. घरचा ऊस होता, त्यात ते रमतील असं सगळ्यांना वाटलं. ते रमलेही, पण दुपारी चारपर्यंतच. चारला कपडे बदलून, मिशा सारख्या करून, ते हायस्कूलच्या मैदानावर जायचे आणि पोरांचा बँड बसवायचे. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं, पंधरा ऑगस्टला पोरं चालतात ती बघवत नाहीत, आणि हेडमास्तरांना ते नाकारता आलं नाही.

अण्णांचे नियम फार होते. त्यातले दोन मला आजही झोपेत विचारले तरी सांगता येतील. पहिला नियम डाव्या पायाचा. जे काही सुरू व्हायचं ते डाव्या पायावर. ड्रम डाव्या पायावर, झांज डाव्या पायावर, वळणं डाव्या पायावर. आम्ही पोरं मोजायला आकड्यांनी शिकलोच नाही, पायांनी शिकलो. उभं राहिल्यावर मात्र पाय हलता कामा नये. त्यासाठी अण्णा बांधावरून उसाचं वाळकं पाचट आणायचे आणि एकेकाच्या टाचेखाली ठेवायचे. सावधानमध्ये पाचट करकरलं की अण्णा लांबूनसुद्धा मान वळवायचे. त्यांचे कान तेव्हा फार तिखट होते.

दुसरा नियम जोडीचा. बँडमध्ये ज्याला एकट्याला वाजवायचं असतं, त्याच्या मागे एक जोड उभी करायची. जोडीने तेच वाद्य हातात घ्यायचं, तेवढंच मोजायचं, हात तेवढाच वर न्यायचा आणि पुढच्याचं वाजलं की गप्प खाली घ्यायचा. पुढच्याचं चुकलं तरच वाजवायचं. हा नियम फौजेतला की त्यांचा स्वतःचा, देव जाणे. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सहावीत मी मोठ्या झांजेची जोड होते. पुढे आठवीतली एक मुलगी वाजवायची, मी मागे. शाळेकडे झांजांचे दोन संच होते, त्यातला चिरलेला माझा. पूर्ण वर्ष मी तिच्या वेणीकडे बघत मोजलं आणि एक वेळ सोडली तर कधी वाजवलं नाही. मैत्रिणी चिडवायच्या की हिला बँडमध्ये फक्त वजन उचलायला घेतलंय. मला रडू यायचं. घरी येऊन मी अण्णांना म्हणायचे, मला ड्रम द्या, बासरी द्या, काहीही द्या, पण जोड नको.

ते म्हणायचे, "जोड हाय म्हणून तर फुडचा बिनघोर वाजवतुया."

शाळेच्या झांजा कपाटात कुलूपबंद असायच्या, म्हणून घरी सराव स्टीलच्या दोन ताटल्यांवर. अण्णा ओसरीत उभे राहून शिकवायचे. झांज सरळ आपटायची नाही, आपटली की मध्ये हवा कोंडते आणि पादल्यासारखा आवाज येतो. हा शब्द त्यांचाच, आणि पोरांना नियम लक्षात राहायचा तो त्या शब्दामुळे. झांज तिरकी घासून सोडायची आणि मग दोन्ही हात उघडून लोकांना दाखवायची. आईच्या त्या दोन ताटल्यांना कडेला पोचे आले. आई पंगतीला त्या ताटल्या काढायची नाही, आम्हा घरच्यांनाच त्यात वाढायची, आणि वाढताना दर वेळी पोच्यावर बोट ठेवून दाखवायची.

त्या वर्षी साताऱ्याला शाळांच्या बँडची स्पर्धा होती. मैदानावर वारा सुटला होता, आणि शेवटच्या सलामीच्या वेळी आमच्या झांजवालीच्या डोळ्यात धूळ गेली. तिचा हात डोळ्याकडे गेलेला मला दिसला. माझे हात वर होतेच. मी वाजवलं. अर्धा श्वास उशिरा वाजलं असेल, पण वाजलं. वर्षातला माझा तो एकच ठोका. आमचा नंबर आला नाही, पण परतीच्या एसटीत अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. उंब्रजच्या स्टँडवर मामाने गाडीच्या खिडकीतून आत दिलेल्या पिशवीतली पहिली भाकरी त्यांनी मला दिली, आणि त्या झांजवाल्या मुलीच्या देखत म्हणाले, "हिची चूक न्हाई, वाऱ्याची हाय. आन् तू जोड म्हणून चांगली हाईस." मला तेव्हा तो अर्धवट मान वाटला होता.

त्यानंतर बारावी, मिरजेला नर्सिंग, सांगलीच्या दवाखान्यात नोकरी, मग भाषेचे वर्ग आणि जर्मनी. एका छोट्या गावातलं हॉस्पिटल, हाडांचा वॉर्ड. पहिलं वर्ष मी कामाला जायचे, परत यायचे, भात लावायचे आणि झोपायचे. त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात एक आजोबा आले. गुडघा बदललेला. आयुष्यभर टपाल वाटलेले, उंच, हाडकुळे, आणि सतत बोटांनी काहीतरी वाजवणारे. पलंगाच्या लोखंडावर, पाण्याच्या बाटलीवर, एकदा तर माझ्या हातातल्या रक्तदाबाच्या यंत्रावर. तिथे जेवणाच्या ताटांवर घुमटासारखी झाकणं असतात. एका दुपारी मी ती गोळा करत होते आणि आजोबांची बोटं चालली होती. का कोण जाणे, त्यांच्या ठेक्याच्या शेवटी मी दोन झाकणं तिरकी घासून सोडली आणि हात उघडून दाखवले. हात आपोआप उघडले. वॉर्डातले तीन गुडघे आणि एक खुबा टाळ्या वाजवायला लागले. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, हे कुणी शिकवलं?

ते गावच्या वाद्यवृंदात मोठे नगारे वाजवत होते, चाळीस वर्षं. झांजवाला दुसऱ्या गावी राहायला गेला होता. गुडघा बरा झाल्यावर एका मंगळवारी ते स्वतः मला न्यायला आले, काठी टेकत.

त्या वाद्यवृंदाचं मला काय कौतुक वाटलं ते कसं सांगू. साठ माणसं, आणि त्यातलं पोटासाठी वाजवणारं कुणी नाही. ज्या दंतवैद्याने माझी दाढ काढली तोच पितळी शिंग फुंकत होता. मला रोज कामावर सोडणारा बसचा ड्रायव्हर त्याच्यापेक्षा उंच अशा सारंगीला मिठी मारून बसला होता. बेकरीवाली बाई पहाटे तीनपासून पाव भाजून, संध्याकाळी हाताला पीठ तसंच ठेवून व्हायोलिन वाजवायची. आणि या सगळ्यांपुढे शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई, अंगाने एवढ्याशा, हातात पांढरी काठी. आवाज कधी चढला नाही त्यांचा. काठी खाली ठेवली की साठ माणसं शाळकरी पोरांसारखी चूप. आम्ही त्यांच्याबद्दल बोलताना नाव घेत असू, पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून बाईच होत्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी तिथे सकाळी मोठी मैफल असते. अख्खं गाव येतं. मला त्या मैफलीतल्या चार गाण्यांत झांज मिळाली. तीन सोपी होती, चालीची, डाव्या पायाची. चौथं एक गोल फिरून नाचायचं गाणं, तीन तीन मात्रांचं, भराभर जाणारं. त्यात मला अठ्ठेचाळीस आवर्तनं गप्प उभं राहायचं होतं आणि एकोणपन्नासाव्याच्या तोंडावर, सगळा वाद्यवृंद चढून एका टोकाला पोचतो तिथे, एकदाच झांज घ्यायची होती. त्यानंतर त्या गाण्यात मला काही काम नव्हतं.

मी आजोबांना विचारलं, माझी जोड कोण?

त्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, असं इथे नसतं, तुझं तूच वाजवायचं. हे मी त्या आठवड्यात घरी सांगितलं. वहिनीने अण्णांना कागदावर लिहून दाखवलं, कारण तोवर अण्णांचे कान गेले होते. वीस वर्षं ड्रमला चिकटून उभं राहिल्याचं ते भाडं. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्याने कुणी ओरडलं तर थोडंसं. कानाची यंत्रं आणली होती, ती शिट्टी मारतात म्हणून ट्रंकेत पडून होती. अण्णांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मोठ्याने म्हणाले, "जोड न्हाई? मग ती बाई लय धाडसाची म्हणायची."

पहिल्या सरावाला मी मोजायला लागले. तोंडाने एक-दोन-तीन मोजत होते, पण माझ्या हाडात दुसरंच काहीतरी बसलेलं. डावा पाय पडला की नवीन आवर्तन. गाणं तीनाचं, माणसाला पाय दोन. हे सोपं गणित माझ्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीचे सगळे हळू होत गेले, बासरी एकटी उरली, अगदी पातळ, कुणीतरी लांबून हाक मारावी तशी, आणि तिच्या मधोमध मी झांज घेतली. अण्णांनी शिकवली तशी, पूर्ण ताकदीने, हात उघडून. बासरीवाल्या मुलीच्या हातून बासरी पडायची राहिली. बसड्रायव्हर हसून सारंगीवर रेलला.

बाईंनी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, सुंदर ठोका होता, सोळा आवर्तनं आधी.

दुसऱ्या मंगळवारीही तेच. मग मी मनात बोटं मोजली, कागदावर रेघा मारल्या. आजोबांनी शेजारून मान हलवून खूण करून बघितली, पण त्यांच्या नगाऱ्याचंही त्याच वेळी काम असायचं, तेव्हा मान राहून जायची. कधी दोन आधी, कधी तीन उशिरा. सगळे म्हणत, बाईंकडे बघ. मी म्हणे, बघतेच आहे. आणि मी खरंच बघत होते. तिसऱ्या सरावानंतर बाई माझ्याजवळ आल्या. फार हळुवारपणे म्हणाल्या, अजून दोन सराव आहेत, नाही जमलं तर ती एक झांज आपण सोडून देऊ, गाणं काही मोडत नाही.

गाणं मोडत नाही, हे मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. आणि दुसरी गोष्ट अशी की मैफल फोनवर दिसणार होती, घरी सगळे बघणार होते. अण्णांना ऐकू काही येणार नव्हतं. त्या पूर्ण मैफलीत त्यांना डोळ्यांनी कळेल असं एकच वाद्य होतं, हात उघडून दाखवायचं. तेच काढून टाकलं तर ते बघणार काय? ज्या माणसाने मला ताटल्यांवर शिकवलं त्याला माझ्याकडून एक ठोका द्यायचा होता, आणि तो द्यायचा तर याच वर्षी. पुढच्या वर्षी डोळ्यांचं काय होईल कुणी सांगावं, मोतीबिंदू पिकत आलेला.

आजोबांनी सरावाचं चित्रण करून दिलं. कुठे चुकतं ते बघायला मी ते रात्रंदिवस लावलं आणि काही कळलं नाही. वैतागून मी ते वहिनीला पाठवलं आणि लिहिलं, अण्णांना दाखव, त्यांना म्हणावं लेकीचा तमाशा बघा.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून सुटल्यावर फोन लावला तर पडद्यावर अण्णा आधीच बसलेले. चष्मा लावून, वहीवर काहीतरी रेघा मारून.

"पोरी, बोलू नगंस, मला ऐकू येत न्हाई. मी बोलतो त्ये ऐक," अण्णा म्हणाले. "त्या ड्रम मेजर बाईची काठी एका आवर्तनाला एकदाच खाली येती. म्या मोजलं. आन् तेवढ्यात तुझा डावा पाय दीडदा पडतुया. दीड पाय कुणाचा असतुया का? तुझा पाय आन् तिची काठी भांडत्यात, आन् तू पायाचं ऐकतीस. डोळं काठीवर हायती, पर ऐकतीस पायाचं."

मी तोंडावर हात ठेवला. साठ माणसांना ऐकू येऊन जे समजलं नव्हतं ते या माणसाला ऐकू न येता दिसलं होतं. वीस वर्षं ते बँडपुढे चालणाऱ्या ड्रम मेजरच्या दंड्याकडे बघत चालले होते. गर्दीत, तोफांच्या सलामीत, पावसात, जिथे स्वतःचाही ड्रम ऐकू येत नाही तिथे, डोळ्यांनी वाजवलं होतं. मला वाटायचं त्यांच्याकडचं संगीत कानांबरोबर गेलं. ते कुठेही गेलं नव्हतं.

"आता टाचंखाली पाचट ठेव," अण्णा म्हणाले. "करकरलं की चुकलीस म्हणून समज. काठी खाली येती तेवढ्या येळा मोज. अठ्ठेचाळीस. दुसरं काय करू नगंस." मग त्यांनी वहिनीकडे बघितलं, "बंद कर," आणि फोन बंद झाला.

जर्मनीत पाचट कुठून आणायचं. मी चॉकलेटचा करकरणारा कागद घेतला, डाव्या बुटात टाचेखाली घातला आणि चौथ्या सरावाला उभी राहिले. पहिल्या दहा आवर्तनांतच कागद सात-आठ वेळा करकरला. माझा पाय इतका चालू असतो हे मला त्या दिवशी कळलं. घामाने मी भिजले. पाय दाबून धरायचा म्हणजे जीभ दाबून धरल्यासारखं वाटत होतं. पण बाईंची काठी आता वेगळी दिसत होती. एक, दोन, तीन अशी, विहिरीतून पोहरा वर यावा आणि खाली जावा तशी. त्या दिवशी मी एक आवर्तन उशिरा आले. पाचव्या, शेवटच्या सरावाला बरोबर आले. बाईंनी माझ्या स्वरलिपीच्या पानावरची ती झांज खोडायला घेतलेली पेन्सिल खिशात घातली.

मैफलीच्या सकाळी बाहेर बर्फ आणि आत नुसता गोंधळ. सभागृहात रंगीत कागदाच्या माळा, पोरं आईबापांच्या मांडीवर, म्हाताऱ्या बायका ठेवणीतले दागिने घालून. माझ्या वॉर्डातला एक खुबा पहिल्या रांगेत बसला होता आणि मला हात करत होता. एका गाण्यात आजोबांना शिट्टी फुंकायची होती आणि बाटलीचं बूच उडवायचं होतं. बूच वर जाऊन दिव्याला लागलं, तिथून दंतवैद्याच्या टकलावर पडलं. दंतवैद्याने शिंग तोंडाचं काढलं नाही. लोक हसून लोटपोट. असा आनंद मी जत्रेतच बघितला होता. ही माणसं इतकी मोकळी हसू शकतात हे दोन वर्षांत मला माहीत नव्हतं. माझाही त्यात वाटा आहे, याचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी मी तळहात पुसत होते.

मग ते गाणं आलं.

मी झांजा उचलून पोटाशी धरल्या. शेजारी नगाऱ्यांवर उभ्या आजोबांनी माझ्याकडे न बघता हळूच मान हलवली. सभागृहाच्या टोकाला कॅमेरा होता, त्याचा छोटा लाल दिवा. गावाकडे दुपारचे साडेतीन वाजले असणार. मी तिकडे एकदाच बघितलं आणि नजर काठीवर आणली. काठी खाली आली. एक.

बारापर्यंत मला काही वाटलं नाही. वीसला डाव्या पायाला खाज सुटली. बत्तिसाला बासरी एकटी उरली, ती मुलगी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती, आणि माझा पाय म्हणाला, आता. अगदी स्पष्ट म्हणाला. टाचेखाली कागद करकरला. मी पाय जमिनीत रोवला. तेहेतीस. चौतीस. व्हायोलिनं आली, शिंगं आली, बसड्रायव्हर वाकला. चाळिसाला झांजा वर घ्यायला सुरुवात. मागे कुणी नव्हतं. सहावीत मी मोजायचे तसं माझ्या वेणीकडे बघत कुणी मोजत नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. बाईंनी डोळे वर केले, थेट माझ्याकडे.

वाजली. तिरकी घासून, सुटून. मी हात उघडले आणि झांजा सगळ्या सभागृहाला दाखवल्या. त्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला नाही, पण हातांना कळलं. बाई हसल्या आणि गाणं पुढे गेलं. मी झांजा खाली ठेवल्या आणि मला रडू आलं. पुढच्या गाण्याला आठ मिनिटं होती, तेवढ्यात पुसून झालं.

शेवटी चालीचं गाणं होतं, दोनाचं. बाईंनी पाठ आमच्याकडे केली आणि काठीने लोकांच्या टाळ्या चालवायला लागल्या, हळू, जोरात, पुन्हा हळू. मी बुटातला कागद काढून फेकून दिला होता. डाव्या पायाला मोकळा सोडला. तो इतका आपटत होता की आजोबा नगाऱ्यावरून ओरडले, फळी मोडशील.

दुपारी घरी फोन लावला. वहिनीने सांगितलं सगळ्यांनी टीव्हीवर लावून बघितलं, आईने शेजारच्या बायकाही बोलावल्या. अण्णा पडद्यावर आले. म्हणाले, "टैमावर." लगेच उठले, उसाला पाणी होतं, लाईट आली होती, मोटर चालू करायची होती. एवढंच. मला थोडं वाईट वाटलं. एवढ्या लांबून एवढं केलं आणि एक शब्द. पण अण्णांचा एक शब्द म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणून मी तो ठेवून दिला.

मेमध्ये सुटीला घरी गेले. जेवायला बसलो तर आईने मला नव्या स्टीलच्या ताटात वाढलं. मी म्हटलं, माझी ताटली कुठे गेली, पोच्याची?

"त्या दोन्ही ह्यांनी ट्रंकंत ठिवल्यात," आई म्हणाली. "वापरू देत न्हाईत. त्या दिवसापासनं."

"कुठल्या दिवसापासून?"

आईने अण्णांकडे बघितलं. ते समोर जेवत होते, त्यांना काही ऐकू जात नव्हतं. आई सांगायला लागली. त्या दिवशी टीव्हीपुढे सगळे बसले होते. माझं गाणं सुरू झालं तसे अण्णा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि त्या दोन ताटल्या घेऊन आले. टीव्हीसमोर उभे राहिले, टाचा जुळवून. शेजारच्या बायका हसायला लागल्या. आईने त्यांचा सदरा ओढला, गुडघं दुखत्यात, बसा म्हणाली. अण्णा बसले नाहीत. त्या बाईंच्या काठीकडे बघत ओठांनी मोजत राहिले. माझे हात वर गेले तसे त्यांचेही हात वर गेले.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग तुझी वाजली. त्येंनी ताटल्या खाली घेतल्या."

मी ताट सरकवलं. मी उठून कोनाड्यातली त्यांची वही आणली आणि लिहिलं, ताटल्या कशाला घेतल्या होत्या? वही त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी चष्मा लावला, वाचलं आणि आईकडे रागाने बघितलं.

"तिथं जोड न्हवती म्हणालीस न्हवं?" ते म्हणाले. "चुकली असतीस तर हितनं वाजवली असती."

इथून वाजवलेली तिथे कशी ऐकू गेली असती, हे लिहायला मी पेन उचललं. मग खाली ठेवलं, आणि जेवायला बसले.